म्हातारे मांजर पाणी जास्त पिऊ लागले तर



गाईचे दूध आटले, बैल लंगडू लागला, कोंबड्यांनी माना टाकल्या की आपण लगेच चौकशी करतो, दवाखान्याची वाट धरतो. मांजराची गोष्ट वेगळी. कणगीतले भात त्याने दहा-बारा वर्षे उंदरांपासून राखलेले असते. पण ते खंगू लागले की "म्हातारे झाले, आता जायचेच" एवढे बोलून आपण मोकळे होतो. त्या "म्हातारे झाले" या दोन शब्दांविषयीच आज थोडे लिहायचे आहे. मांजराच्या बाबतीत आपण जे वयाच्या माथी मारतो, त्यातले बरेचसे आजार असतात. ते डोळे उघडे ठेवले तर ओळखता येतात, आणि त्यांतल्या काहींवर घरच्या घरीही पुष्कळ करता येते.

मांजराचे दहावे वर्ष उलटले की त्याचे म्हातारपण सुरू झाले असे धरावे. पंधरा वर्षांचे मांजर म्हणजे माणसाच्या हिशेबात पंच्याहत्तरीतले. अमेरिकेत टेक्सास राज्यात क्रीम पफ नावाची एक मांजरी १९६७ साली जन्मली आणि २००५ साली मेली. ३८ वर्षांचे हे आयुष्य गिनेस बुकात नोंदलेले आहे. आपल्याकडे कुत्री, साप आणि रस्त्यावरच्या गाड्या यांतून वाचून बारा-चौदा वर्षे काढली तरी ते मोठे वय म्हणायचे.

आमच्या घरची भाटी चौदा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. श्रावणाचा महिना, बाहेर पावसाची झड लागलेली, आणि ही दिवसातून पाच-सहा वेळा म्हशीच्या डोणीवर चढून पाणी पिऊ लागली. आईच्या प्रथम ध्यानात आले. ती म्हणाली, "एवढ्या पावसात हिला तहान कशाची?" मग परड्यातल्या राखेच्या ढिगाकडे लक्ष गेले. भाटी तिथेच विधीला जायची. पूर्वी राखेचे लिंबाएवढे ओले गोळे दिसत, आता ते मुठीएवढे झाले होते. अंगावर हात फिरवला तर पाठीचा कणा मण्यांच्या माळेसारखा हाताला लागत होता. खाणे थोडे कमी होते, पण थांबलेले नव्हते. घरात सगळे म्हणत होते, पाणी चांगले पिते आहे, म्हणजे तब्येत ठीक आहे.

नेमके उलटे होते. मांजर मूळचे कोरड्या मुलखातले जनावर. भक्ष्याच्या मांसातूनच त्याला पुष्कळ पाणी मिळते, म्हणून निरोगी मांजर पाणी पिताना फारसे दिसत नाही. त्याची मूत्रपिंडे लघवी अतिशय घट्ट करतात, म्हणजे थोड्या पाण्यात पुष्कळ घाण बाहेर टाकतात. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दोन लाख बारीक गाळण्या असतात. वयाबरोबर आणि दुखण्यांमुळे त्या एकेक करून निकामी होतात, आणि एकदा गेलेली गाळणी परत येत नाही. साधारण दोन तृतीयांश गेल्या की लघवी घट्ट करण्याची शक्ती संपते. मग पातळ लघवी जास्त होते, आणि अंगातले गेलेले पाणी भरून काढायला मांजर डोणीवर चढते. तीन चतुर्थांश गेल्या की रक्तात घाण साठू लागते. तोवर मांजर बाहेरून जवळजवळ धडधाकट दिसते. म्हणून तहान हीच पहिली घंटा. म्हाताऱ्या मांजरांत या दुखण्याइतके आढळणारे दुखणे क्वचितच दुसरे असेल.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. असे मांजर कधी पडवीत, कधी गोधडीवर लघवी करते. मग घरातली माणसे रात्री पाण्याचे भांडे उचलून ठेवतात. असे कधीही करू नये. ते मांजर पाणी पिते म्हणून त्याला लघवी होत नाही. लघवीवाटे पाणी निघून जाते म्हणून ते पिते. पाणी तोडले तर एक-दोन दिवसांत ते कोलमडते. गोधडी धुता येते. भांडी उलट वाढवावीत: एक चुलीजवळ, एक पडवीत, एक ते झोपते तिथे. पसरट मातीचे परळ चांगले, कारण पुष्कळ मांजरांना मिशा भांड्याच्या काठाला लागलेल्या आवडत नाहीत. जेवणाच्या ताटलीपासून पाणी थोडे लांब ठेवावे आणि रोज बदलावे.

तहान वाढली की मूत्रपिंडेच बिघडली असे मात्र नाही. मधुमेहातही मांजर पाणी फार पिते. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागली तर मांजर वखवखून खाते आणि तरी सुकत जाते, रात्री उगाच ओरडत फिरते. ही दुखणी हाताने चाचपून वेगळी करता येत नाहीत; रक्त आणि लघवी तपासावी लागते. पाणी मोजणे मात्र आपल्या हातात आहे. दुसऱ्या कोणी न पिण्याजोग्या जागी मोजून पाणी ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी उरलेले मोजावे. शरीराच्या दर किलोमागे दिवसाला १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी जात असेल, म्हणजे साडेतीन किलोचे मांजर ३५० मिलिलिटरवर पीत असेल, तर डॉक्टरकडे न्यावेच.

दुसरे मोजमाप वजनाचे. धान्य तोलायचा ताणकाटा बहुतेक घरांत असतो. मांजराला कापडी पिशवीत बसवून, डोके बाहेर ठेवून काट्याला अडकवावे, आणि पिशवीचे वजन वजा करावे. महिन्यातून एकदा हे करून दिनदर्शिकेवर आकडा लिहावा. आमच्या भाटीचे वजन कधीकाळी ३ किलो ८०० ग्रॅम होते ते ३ किलो १०० वर आले होते. सातशे ग्रॅम म्हणजे काय मोठेसे, असे वाटते. पण ७० किलोच्या माणसाचे तेरा किलो उतरावेत तसे ते झाले. दहा टक्के वजन घटले की थांबू नये. केसांमुळे डोळ्यांना हे दिसत नाही, काट्यालाच दिसते.

भाटीला भाजीच्या टोपलीत घालून वर दुसरी टोपली उपडी बांधली आणि गुरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांचा हात म्हशींवर बसलेला, तरी त्यांनी नीट पाहिले. हिरड्या कोरड्या आणि चिकट लागत होत्या. मानेवरची कातडी ओढून पाण्याची कमतरता पाहण्याची जी रीत आहे ती म्हाताऱ्या मांजरात फसवते, कारण वयाने कातडी सैलच झालेली असते. हिरडी खरे सांगते, असे ते म्हणाले. रक्त शहरात पाठवले. क्रिएटिनिन ३ च्या पुढे आले. मांजरात ते साधारण १.६ च्या आत असावे. लघवीही पाण्यासारखी पातळ निघाली. "बरी होणार नाही," डॉक्टर म्हणाले, "पण बरे दिवस काढील." त्यानंतर ती चौदा महिने जगली.

त्या चौदा महिन्यांत काय केले ते सांगतो. पहिले खाणे. मांजर हे मांस खाणारेच जनावर आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याला मांस-मासळीतूनच मिळावे लागते. ते न मिळाल्यास डोळे जातात आणि हृदय कमकुवत होते. तेव्हा "मूत्रपिंडाला प्रथिने वाईट" असे कोठेतरी ऐकून त्याला नुसत्या दूधभातावर किंवा आंबिलीवर ठेवणे हा उपचार नव्हे, उपासमार होय. टाळायचे ते मीठ आणि फॉस्फरस. म्हणून सुकट, खारा बांगडा, हाडे-काटे हे बंद करावे. हे जड जाते, कारण आपल्या मांजरांना सुकटीचा वास म्हणजे जीव की प्राण. त्याऐवजी बिनहाडाची उकडलेली कोंबडी, काटे काढलेला ताजा मासा, उकडलेल्या अंड्याचा पांढरा बलक, त्यात थोडासा मऊ भात आणि उकडल्याचे पाणी. या आजारासाठी तयार खाद्यही शहरात मिळते. परवडत असेल तर डॉक्टरांना विचारून तेच द्यावे. आमटीतला मासा देऊ नये. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. दूध पुष्कळ मोठ्या मांजरांना पचत नाही, हगवण लागते आणि अंगातले पाणी आणखी जाते.

अन्न कोमट करून द्यावे. म्हाताऱ्या मांजराचे नाक मंद होते, आणि ज्याचा वास येत नाही ते मांजर खात नाही. दिवसातून चार-पाच वेळा थोडेथोडे घालावे. सलग दोन दिवस ते काहीच खात नसेल तर वाट पाहू नये. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठून तेही बिघडते, लठ्ठ मांजरात तर लवकरच. अंगात पाणी कमी म्हणून शौचाला खडा होतो. त्यावर एरंडेल पाजण्याची जुनी सवय आहे, ती सोडावी. पाणी वाढवणे हाच त्यावर खरा इलाज.

दुसरे म्हणजे सलाईन. हे ऐकून लोक दचकतात. मांजराला शिरेतून लावायची गरज दर वेळी नसते. खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत उचलून तिच्याखाली सुई सरकवतात आणि रिंगर लॅक्टेटचे १०० मिलिलिटरच्या आसपास पाणी सोडतात. तिथे पोळीएवढा फुगवटा येतो, कधी तो पुढच्या पायाकडे उतरतो, आणि काही तासांत जिरून जातो. डॉक्टरांनी दोनदा दाखवले, तिसऱ्यांदा आमच्याकडून करवून घेतले. पुढे आठवड्यातून दोनदा आई भाटीला मांडीवर गोणपाटात गुंडाळून बसायची आणि मी बाटली दाराच्या खिळ्याला अडकवायचो. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवावी, सुई दर वेळी नवी घ्यावी. ग्लुकोजची बाटली यासाठी वापरू नये. हृदय कमजोर असलेल्या मांजराला हेच पाणी फुप्फुसात चढू शकते, म्हणून डॉक्टरांनी तपासून, किती आणि केव्हा ते ठरवून दिल्यावरच हे करावे. झोपलेल्या मांजराचे श्वास मोजावेत. मिनिटाला तीसच्या वर जाऊ लागले तर सलाईन थांबवून दवाखान्यात न्यावे.

आता आमच्या घरी घडलेली एक चूक सांगतो. या भाटीच्या आधी एक बोका होता. २०११ सालच्या थंडीत तो मलूल होऊन चुलीपाशी पडून राहिला, उठताना कण्हू लागला. म्हातारा झाला, सांधे धरले असतील, असे समजून मी त्याला पॅरासिटामॉलची अर्धी गोळी गुळात घालून चारली. माणसाच्या लहान मुलाला चालते, मग याला का नाही? संध्याकाळपर्यंत त्याचे तोंड आणि पंजे सुजले, हिरड्या मातकट झाल्या, श्वास लागला. दुसऱ्या दिवशी तो गेला. मांजराच्या यकृतात हे औषध निष्प्रभ करून बाहेर टाकणारी यंत्रणा फारच दुबळी असते. त्यामुळे औषधाचे विष होते आणि रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. त्यावर उतारा आहे, अ‍ॅसिटिलसिस्टीन नावाचा. पण तो जितक्या लवकर मिळेल तितका उपयोगाचा. मला ते नंतर कळले. तेव्हा मांजराला पॅरासिटामॉल अर्धी, पाव, चिमूटभर, कितीही देऊ नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक याही गोळ्या तशाच घातक, आणि मूत्रपिंडे थकलेली असतील तर अधिकच. डायक्लोफेनॅकवर आपल्या देशात जनावरांसाठी २००६ साली बंदी आली, ती गिधाडे मरू लागली म्हणून. पण माणसांसाठीची गोळी प्रत्येक घरातल्या डब्यात असते.

गोठ्यातली औषधेही दूर ठेवावीत. गुरांच्या किंवा कुत्र्याच्या गोचिडांवर लावायची पर्मेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, अमिट्राझ ही औषधे मांजराला लावू नयेत. गुरांना लावल्यावर अंग वाळेपर्यंत मांजराला गोठ्यात झोपू देऊ नये. ते अंग चाटते आणि चाटलेले पोटात जाते. काळ्या फिनेलने जमीन पुसली तरी तेच. आणि उंदरांचे औषध! तरुण मांजर पळता उंदीर धरते. म्हाताऱ्याला तो झेपत नाही, म्हणून त्याच्या तावडीत सापडतो तो झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमाडिओलोन खाऊन सुस्तावलेला उंदीर. घरात म्हातारे मांजर असेल तर विष न घालता पिंजरे लावावेत. निदान सुगीनंतरच्या महिन्यांत तरी एवढे करावे.

बाकीच्या दुखण्यांविषयी थोडक्यात. सांधेदुखीने मांजर लंगडत नाही, ते उडी मारणे सोडते. माळ्यावर जायचे बंद झाले, अंग चाटेनासे झाले, पाठीवर केसांच्या जटा झाल्या, म्हणजे सांधे पाहावेत. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत बारा वर्षांवरील शंभर मांजरांचे एक्स-रे पाहिले होते, त्यांतल्या नव्वद मांजरांत सांध्यांची झीज दिसली. त्याला चढायला पोत्यांची पायरी करून द्यावी, निजायला चुलीच्या उबेला जाड गोणपाट घालावे. नखे झिजत नाहीत तेव्हा ती वळून तळव्यात घुसतात. महिन्यातून एकदा टोके कापावीत, आतल्या गुलाबी भागाला न लागता. तोंडाला घाण वास, घास तोंडातून पडणे, लाळ, ही दातांची लक्षणे. मात्र ज्या मांजराला रेबीजची लस टोचलेली नाही त्याच्या लाळ गळणाऱ्या तोंडात बोट घालू नये. चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस घ्यायला जावे. आणि एखादे सकाळी मांजर भिंतीवर आपटू लागले, बाहुल्या विस्फारलेल्या दिसल्या, तर ते रक्तदाबाने आंधळे झालेले असू शकते. मूत्रपिंडाच्या आजारात दाब वाढतो. त्याच दिवशी नेले तर औषधाने कधीकधी दृष्टी परत येते.

एवढे सगळे एका मांजरासाठी करायचे का, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या कॅटेकिझममध्ये, २४१८ व्या परिच्छेदात, या दोन्ही बाजू एकत्र मांडल्या आहेत: प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाला शोभत नाही, आणि माणसांचे दुःख निवारण्यासाठी जो पैसा आधी लागायला हवा तो प्राण्यांवर उधळणेही योग्य नाही. मुलांची फी थकवून मांजरावर हजारो रुपये घालावेत असे मीही म्हणणार नाही. पण वर जे सांगितले त्यातले बहुतेक फुकटचे आहे: पाण्याची तीन भांडी, ताणकाटा, पोत्याची पायरी, डब्यातल्या गोळ्या न देणे. भाटीची सलाईन वर्षभर परवडली, रक्ततपासणी दोनदाच केली.

खर्चाहून मोठी गोष्ट दुसरीच आहे. खंगलेले मांजर पोत्यात घालून बाजाराच्या गावी किंवा नदीपलीकडे सोडून येण्याची रीत अजून आहे. "आपल्या डोळ्यांसमोर नको" म्हणून माणूस हे करतो. पाण्यासाठी दिवसातून सहा वेळा उठणारे, डोळ्यांनी अधू जनावर अनोळखी जागी पाणी कोठे शोधणार? उपासमार किंवा तहानेने हाल होतील अशा तऱ्हेने जनावर सोडून देणे हा १९६० सालच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हाही आहे.

भाटीच्या शेवटच्या आठवड्यात तिने खाणे सोडले. सलाईन लावूनही ओकाऱ्या थांबेनात, तोंडात फोड आले, अंग गार पडू लागले. सुईने तिचा शेवट करायचा तर ते पाप होईल का, असे आईने विचारले. माणसाच्या बाबतीत ख्रिस्तसभा दयामरण मुळीच मान्य करीत नाही. ती शिकवण माणसाच्या जिवाविषयी आहे, जनावराला ती लागू होत नाही. बरे न होणाऱ्या जनावराच्या यातना डॉक्टरांनी भुलीच्या औषधाची मोठी मात्रा देऊन थांबवल्या तर त्यात अडचण नाही. ते काम डॉक्टरचेच. उंदराचे विष, पाण्यात बुडवणे, डोक्यात काठी, हे काही नको. आमच्याकडे डॉक्टर दुपारी घरी आले, आईने तिला गोणपाटातच धरले होते, आणि दोन-तीन मिनिटांत सगळे शांत झाले.

अशा सुईने मेलेले मांजर उघड्यावर टाकू नये. ते औषध मांसात राहते, आणि कुत्री, कोल्ही, गिधाडे ते खाऊन मरतात. विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, कमरेइतका खोल खड्डा घ्यावा, माती दाबून वर जड दगड ठेवावेत. आमच्या परड्यात ती जागा राखेच्या ढिगापलीकडे, फणसाखाली आहे.